धुराड्याकडचा फेरा

गहिनीनाथला अर्धांगाचा झटका आला तो गणपतीच्या दिवसांत. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. दिवाळीपर्यंत पायात थोडा जीव आला, पण बोलणं काही परतलं नाही. 'हां' आणि 'न्हाई' एवढे दोनच शब्द तोंडातून निघत, तेही कष्टानं, आणि पुष्कळदा एकाच्या जागी दुसराच निघे. राहात्याच्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, लंकाबाईला बजावून सांगितलं, "यांना बसवून ठेवू नका. रोज चालवा. चढ-उतार नको, सपाटीवर चालवा."

सपाटीचा रस्ता वस्तीपासूनच सुरू होत होता. रांजणवाडीच्या शिवारात इंग्रजाच्या काळातला एक साखर कारखाना होता. तो बंद पडून दहाएक वर्षं झाली होती. मळ्यामळ्यांतून ऊस ओढून नेणारी कारखान्याची लहान ट्रामगाडी होती, तिचे रूळ भंगारात गेले होते. पण मातीचा भराव तसाच राहिला होता. दोन्ही बाजूंच्या ज्वारीतून तो सरळ कारखान्यापर्यंत जाई. कारखान्याचं आवार ओलांडलं की मालडबे उभे करायची मोडकी सायडिंग लागे, तिच्या टोकाला मनमाड लाईनीवरचं रेल्वे फाटक. फाटकापासून पाटाच्या कडेनं चालत आलं की पुन्हा वस्ती. कुठं चढ नाही, ओढा नाही. धडधाकट माणूस विडी संपेपर्यंत निम्मा रस्ता तोडील. गहिनीनाथला मात्र त्या फेऱ्याला सारी सकाळ लागे.

त्या भरावावरून त्यानं वीस वर्षं ट्रामचं इंजिन हाकलं होतं. त्यामुळे त्याला चालवायला न्यायचं तर याच वाटेनं, हे कोणी ठरवायची गरज पडली नाही. तो आपणच तिकडं वळला.

सुरुवातीला लंकाबाई रोज त्याच्याबरोबर असे. त्याच्या डाव्या हाताला काठी, उजव्या अंगाला ती. तो अडखळला की तिचा हात पुढे व्हायचा, आणि तो न अडखळताही व्हायचा. पौष सरला तसा तो तिचा हात झिडकारू लागला. एका सकाळी त्यानं काठी उचलली, ती मागोमाग निघाली, तर त्यानं वळून काठी आडवी धरली. "न्हाई," म्हणाला. हा शब्द त्या दिवशी अगदी स्पष्ट निघाला.

लंकाबाई उंबऱ्यात उभी राहिली. तो भरावावरून दिसेनासा होईपर्यंत ती हलली नाही, आणि तो परत येईपर्यंत तिच्या हातून एक काम नीट झालं नाही. सून कडूबाई ओली बाळंतीण होती. ती बाजेवरून म्हणाली, "आत्याबाई, येतील की ते. लहान का हायेत?"

"लहान असते तर हाक तरी मारली असती," लंकाबाई म्हणाली.

असे चार-पाच दिवस गेले. तो जाई, येई. कधी भरावाकडून जाऊन पाटाकडून परते, कधी उलटा. त्याचं त्याच्या मनावर. लंकाबाईच्या जिवाला घोर लागायचा तो लागायचाच. फक्त ती तो बोलून दाखवेनाशी झाली.

त्या दिवशी तो निघून बराच वेळ झाला होता. लंकाबाई भाकऱ्या थापत होती. तेवढ्यात कोतवाल आसाराम सायकल ढकलत अंगणात आला.

"मावशी, गुरं-शेरडं कारखान्याकडं सोडू नका आज. धुराडं पाडत्यात."

कारखान्याच्या धुराड्याला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती. आवार विकत घेतलेल्या ठेकेदारानं ते सुरुंग लावून पाडायचं ठरवलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

"ते तर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी हुतं ना?"

"हुतं. पन शेवगावचा सुरुंगवाला आजच आलाय. त्याला उद्या दुसरीकडं इहिरीवर जायचंय, म्हनून आजच उरकायचं म्हनत्यात. माझी आपली सकाळपास्नं पळापळ."

लंकाबाईच्या हातातली भाकरी परातीत पडली. "आमचे मालक फेऱ्याला गेलेत!"

आसारामनं कपाळावरचा घाम पुसला. "मी पाटाकडनंच आलो. पाटाला कुनीबी न्हाई."

"मंग भरावानं गेले. तुमी बगितलं असतंत न्हाई तर." ती उठलीच. पिठाचे हात तसेच पदराला पुसले. "कडू, चुलीकडं बघ."

आसाराम मागून म्हणत होता, "मावशी, तितं मानसं हायेत, कुनाला आत जाऊ देत न्हाईत. लाल निशान लावलंय..." पण निशाण लागायच्या आधीच गहिनीनाथ आत शिरला असला तर निशाण आणि माणसं यांचा काय उपयोग, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बॉयलरच्या आवाजानं त्याचे कान केव्हाच मंद झाले होते. मागून कोणी ओरडलं तर त्याला कळणार नव्हतं. पुढून कोणी विचारलं तर सांगता येणार नव्हतं.

भरावाच्या तोंडाशी ती थांबली. तो पाय ओढत चाले, त्याची फुफाट्यात एक लांब रेघ उठे. ती रेघ शोधायला ती वाकली. पण शेरडांचा कळप नुकताच तिथून गेला होता. सगळीकडं बारीक खुरं उमटली होती. मग आसाराम पाटाकडून आलाय, या एकाच गोष्टीवर भरवसा ठेवून ती भरावानं निघाली.

निम्मं चालत, निम्मं पळत. रुळांखालच्या जुन्या लाकडी पट्ट्या जिथं होत्या तिथं खळगे पडले होते, त्यांत पाय मुरगळत होता. ज्वारी हुरड्यावर आली होती. दोन्ही बाजूंची कणसं डोक्याएवढी उंच, त्यामुळं पुढचं काही दिसत नव्हतं. दिसत होतं ते फक्त धुराडं. रोज ते तिला लांब वाटे. आज ते जवळही येईना आणि नजरेआडही होईना.

ज्वारीतल्या एका उंच माळ्यावर गावातला छगन गोफण घेऊन पाखरं राखत उभा होता. तिनं खालूनच विचारलं, "छगन, आमच्या मालकास्नी बगितलं का रं?"

"आं?"

"आमचे मालक! काठी घेऊन!"

छगननं गोफण खाली केली. "मगा कुनीतरी गेलं खरं भरावानं. पांढरं मुंडासं हुतं."

"काठी हुती का हातात?"

"ते काय मी बगितलं न्हाई. पाखरांत हुतो ना."

पांढरं मुंडासं शिवारात कोणाचं नव्हतं? पण लंकाबाईनं ते आपल्याच माणसाचं धरलं. आता ती नुसती पळत सुटली.

ऊस मोजायच्या काट्याची खोली लागली. तिचे पत्रे गेले होते, भिंती उभ्या होत्या. पुढे राखेचा डोंगर, त्यावर रुई माजलेली. त्याच्या पलीकडं आवाराची भिंत, आणि जिथं कारखान्याचा मोठा दरवाजा होता तिथं आडवा दोर बांधलेला. दोराला लाल फडकं लावलं होतं. दोराशी ठेकेदाराचा मुकादम उभा होता, मच्छिंद्र नावाचा. गळ्यात उपरणं आणि हातात रिकामा चहाचा कप.

"मावशी, मागं फिरा. सुरुंग भरलेत."

"आत आमचं मानूस हाय."

"आत कुनी न्हाई. सगळं बगितलंय."

"त्यांना ऐकू येत न्हाई. बोलता येत न्हाई. ते रोज येत्यात हिकडनं, ते शेडात बसत्यात जाऊन!" तिला दम लागला होता; एक शब्द दुसऱ्यावर पडत होता. "इंजनाच्या शेडात बगितलं का तुमी?"

मच्छिंद्र तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं, कप भिंतीवर ठेवला. "थांबा हितंच. मानूस पाठवून बघतो. तोवर हलू नका बरं." आणि तो भिंतीच्या कडेनं आपल्या गड्याला हाका मारत गेला.

ती हलली नाही. दोर धरून उभी राहिली आणि डोळे फाडून आत पाहू लागली. मध्ये मोकळं मैदान, पलीकडं धुराडं. बुंध्याशी एका अंगानं विटा काढून भोकं पाडलेली, ती चिखलानं लिंपलेली. उजव्या हाताला इंजिनाची शेड, तिची दारं केव्हाच निघालेली. शेडच्या काळोखात, अगदी आत, काहीतरी पांढरं होतं.

ते हललं.

लंकाबाईनं मच्छिंद्र गेला त्या बाजूला पाहिलं. तो दिसेना. तिनं हाक मारली असती, पण ती हाक ऐकून कोणी यायचं आणि कोणी जायचं, तेवढ्यात काय होईल ते कोणी सांगावं? ती दोराखालून वाकली आणि शेडकडं धावली. ती मैदानात असतानाच शिट्टी झाली. पहिली शिट्टी माणसांनी लांब व्हायची. हे तिला माहीत नव्हतं, पण शिट्टी कशाची असणार हे कळायला काही लागत नव्हतं.

"अवो!" ती शेडच्या तोंडाशी ओरडली. "चला भाहेर! चला!"

उन्हातून एकदम काळोखात आल्यामुळं तिला फक्त ते पांढरं दिसत होतं. ती त्याच्याकडं गेली, हात पुढे करून. आणि पायाखालची जमीन संपली.

इंजिनाच्या पोटाखाली शिरून काम करता यावं म्हणून शेडच्या मध्ये दगडी खड्डा बांधलेला असतो. लंकाबाईनं तो शंभरदा पाहिला होता. आज तो तिला आठवला नाही. ती उभीच्या उभी खाली गेली, डावा पाय आधी टेकला आणि त्यातून अशी काही कळ आली की डोळ्यांपुढं अंधारी आली.

भानावर आली तेव्हा ती खड्ड्याच्या तळाशी काळ्या तेलकट मातीत बसली होती. वर पाहिलं. चुन्याचं रिकामं पोतं खिळ्याला टांगलं होतं आणि वाऱ्यानं हलत होतं.

म्हणजे ते इथं नाहीत. क्षणभर तिला बरंच वाटलं. मग दुसरा विचार आला. इथं नाहीत, मग कुठं आहेत?

ती काठाला धरून उठायला गेली. डावा पाय टेकवेना. खड्डा तिच्या डोक्याइतका खोल. तिनं हाका मारल्या. मच्छिंद्रला, आसारामला, जे नाव तोंडात येईल त्याला. तेवढ्यात लांबून गाडीचा आवाज आला. दौंडकडून येणारी पॅसेंजर होती. इंजिनाचा भोंगा, चाकांचा खडखडाट, सगळं शेडच्या पत्र्यात घुमू लागलं आणि तिचा आवाज तिचा तिलाच ऐकू येईनासा झाला.

त्या गलक्यातच दुसरी शिट्टी झाली. लांबलचक.

तिनं पदर तोंडात कोंबला, दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि खड्ड्याच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसली. आता होईल. आता. गाडी निघून गेली. खडखडाट विरत विरत पुणतांब्याच्या अंगाला गेला. तिला सुनेच्या कुशीतलं तान्हं आठवलं, चुलीवरची भाकरी करपली असेल असं आठवलं. आवाज झाला नाही. न होण्याचा तो वेळ तिला होण्यापेक्षा वाईट वाटला. छातीत असं धडधडत होतं की तेच सुरुंग वाटावेत.

मग माणसांचा ओरडा ऐकू आला. "ए! ए बाबा! ऊठ तितनं!" कोणीतरी शिव्या देत होतं. कोणीतरी पळत होतं. पावलं शेडकडं आली, आणि खड्ड्याच्या काठावर मच्छिंद्रचं तोंड दिसलं. पांढरं फटक.

"मावशी! तुमाला हलू नका म्हनलं हुतं!"

"आमचे मालक..."

"भाहेर हायेत. धुराड्याखाली बसलेत. तुमी आधी हात द्या."

बाहेर जे घडलं ते तिला नंतर फाटकवाल्या सत्तारनं सांगितलं.

गहिनीनाथ त्या दिवशी पाटाकडूनच गेला होता. सकाळी लवकर फाटकाशी पोचला. सत्तारला सुरुंगाचं माहीत होतं. त्यानं गहिनीनाथला खोलीत बसवून घेतलं, चहा दिला, हातवारे करून समजावलं की धुराडं पडेपर्यंत इथून हलायचं नाही. आसाराम सायकलवरून गेला तेव्हा हे दोघं खोलीत होते, म्हणून त्याला कोणी दिसलं नाही. पुढं गाडीची वेळ झाली. सत्तार फाटक लावून झेंडी घेऊन उभा राहिला. गहिनीनाथ धुराडं पडताना बघायचं म्हणून सायडिंगच्या टोकाशी, एका उपटून टाकलेल्या लाकडी पट्टीवर जाऊन बसला. तिथून शेडचं मागचं भगदाड दिसतं. त्यातून त्यानं लंकाबाईला आत शिरताना पाहिलं. हिरवं लुगडं आत गेलं आणि दिसेनासं झालं.

त्यानं सत्तारकडं वळून तोंड उघडलं. काहीतरी आवाज काढला. सत्तारला तो गाडीच्या आवाजात ऐकू गेला नाही. नुसता उघडा जबडा दिसला आणि शेडकडं केलेली काठी. सत्तारला काही उमगेना, आणि झेंडी सोडून जाता येईना. गाडी दोघांच्या अंगावरून गेल्यासारखी जवळून गेली. डबे सरले तेव्हा त्याला दिसलं की गहिनीनाथ चालू लागलाय. शेडकडं नाही. धुराड्याकडं.

"वयनी, मला वाटलं याचं डोकं फिरलं," सत्तार म्हणाला. "शेड लांब, धुराडं जवळ. शेडापर्यंत त्याच्या पायानं जायचं म्हनलं तर वात जळून गेली असती. तो इचार त्यानं केला, मला न्हाई सुचला."

मच्छिंद्रचा गडी शेडात नुसता डोकावून, कोणी नाही म्हणून सांगत परतला होता; गाडीच्या आवाजात त्याला खड्ड्यातली हाक ऐकू आली नव्हती. सुरुंगवाला दुसरी शिट्टी देऊन वातीपाशी वाकला होता. काडी पेटवली आणि समोर पाहिलं तर एक म्हातारा पाय ओढत, वाकडा होत, सरळ त्याच्या अंगावर येत होता. तो ओरडला. म्हातारा थांबेना. वातींवरून काठी टेकत आला, लिंपलेल्या भोकांना पाठ लावली आणि खाली बसला. पाय पसरून. सुरुंगवाल्याच्या हातातली काडी बोटांपर्यंत जळत आली तशी त्यानं ती फेकली. दोघा गड्यांनी धावत येऊन गहिनीनाथला बखोटं धरून उठवायला पाहिलं. तो जड झाला. तोंडानं "न्हाई, न्हाई" करत होता आणि काठी शेडकडं रोखलेली. शेवटी मच्छिंद्रच्या ध्यानात आलं की दोराशी उभी केलेली बाई दोराशी नाही.

मच्छिंद्रनं आणि एका गड्यानं लंकाबाईला वर काढलं, दोन्ही बाजूंनी धरून बाहेर आणलं. उन्हात आल्यावर तिनं पाहिलं. धुराड्याच्या बुंध्याशी तो बसला होता, मुंडासं सुटून खांद्यावर आलेलं. चीर त्याच्या डोक्याच्या वरून सरळ आभाळापर्यंत गेली होती. सकाळपासून तिनं जे मनात आणायचं टाळलं होतं, ते नेमकं तसंच समोर होतं. ती किंचाळली, "उठा तितनं! उठा आधी!"

तिला पाहिल्यावर तो उठला. लगेच नाही, काठी हातातून निसटत होती, दुसऱ्या माणसानं आधार दिला तेव्हा उठला.

दोघांना फाटकाशी सत्तारच्या खोलीपुढं आणून बसवलं. सुरुंगवाल्यानं सगळं आवार पुन्हा पायाखाली घातलं, शेडमध्ये, खड्ड्यात, बॉयलरच्या खोलीत स्वतः जाऊन आला. तोवर दुपार कलली. मग पुन्हा शिट्ट्या झाल्या. आवाज झाला तो वाटला होता तेवढा मोठा नव्हता. धुराडं आधी नुसतंच उभं राहिलं. मग कमरेत वाकल्यासारखं झालं आणि विटांची लांब ओळ मैदानभर पसरली. लाल धूळ फाटकापर्यंत आली. गहिनीनाथनं डोळे मिटून घेतले होते. लंकाबाई धुराड्याकडं बघत नव्हती. ती त्याच्याकडं बघत होती. त्याला परत काही होतंय का, ओठ वाकडे होतायत का, हात थंड पडतोय का.

संध्याकाळी त्यांना बैलगाडीतून वस्तीवर आणलं. हाड बसवणाऱ्या राहीबाईला बोलावलं. तिनं घोटा चाचपला, "मोडला न्हाई, पन महिनाभर टेकवायचा न्हाई," म्हणाली आणि आंबेहळद उगाळून लेप दिला. सगळे गेल्यावर लंकाबाई बाजेवर पडली. गहिनीनाथ खाली भिंतीला टेकून बसला होता.

"तुमाला कुनी सांगितलं हुतं तितं जाऊन बसायला?" ती म्हणाली. आवाज चढला होता. "त्यानं काडी टाकली असती मंजी? वाईच उशीर झाला असता मंजी? भ्या वाटलं न्हाई तुमाला?"

त्यानं तिच्याकडं तोंड वळवलं. ओठांची खटपट चालली होती. मग बाजेवरचा तिचा हात त्यानं आपल्या डाव्या हातात घेतला आणि सदऱ्याच्या आत, छातीवर दाबून धरला. एवढा वेळ झाला होता, तरी आतमध्ये अजून तसंच धडधडत होतं.

"हां," तो म्हणाला.

लंकाबाईला रडू आलं. ती रडली, त्यानं हात सोडला नाही.

पुढे तीन-चार सकाळी तो फेऱ्याला गेलाच नाही. काठी घेऊन दाराशी जाई, तिच्याकडं बघे आणि परत येऊन बसे. पाय आखडू लागला तशी लंकाबाईच म्हणाली, "जावा. डॉक्टरांनी काय सांगितलंय? बसू नका माझ्यापाशी."

तो निघाला. कडूबाईनं बाज अंगणात ओढून दिली. लंकाबाई तान्ह्याला मांडीवर घेऊन भरावाकडं तोंड करून बसली. ज्वारीच्या वर पांढरं मुंडासं थोडं दिसलं, मग दिसेनासं झालं. तिनं तान्ह्याला थोपटायला सुरुवात केली. ते केव्हाच झोपलं होतं, तरी ती थोपटत राहिली.